सराईघाटचा नायक आणि मामाची कथा

आहोम राज्याचा सेनापती लाचित बरफुकन याच्या नावापासूनच वाचकाची एक अडचण सुरू होते. 'बरफुकन' हे आडनाव नव्हे, हुद्दा आहे. खालच्या आसामचा कारभार पाहणारा, मोगलांशी असलेल्या सरहद्दीवरील राजनैतिक व्यवहार सांभाळणारा आणि गुवाहाटी ताब्यात असेल तेव्हा तेथे ठाण मांडून राहणारा हा अधिकारी. (असमियातील उच्चार 'लासित'च्या जवळ जातो, मराठीत अक्षरे तशीच घेतल्याने तो 'लाचित' झाला.) बुरंजी या गद्यप्रकारात माणसे बहुधा अशा हुद्द्यांनीच वावरतात. आधुनिक असमिया साहित्याने या हुद्देदाराचा नायक केला. हे रूपांतर घडताना संहितेतून काय निसटले, हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच वाङ्मयप्रकारविचाराचाही आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. मीर जुम्ल्याच्या स्वारीनंतर १६६३ च्या जानेवारीत झालेल्या तहाने आहोम राजा जयध्वज सिंह याने खंडणी, मुलूख आणि स्वतःची मुलगी रमणी गाभरू मोगलांच्या स्वाधीन केली. त्याच्यानंतर आलेल्या चक्रध्वज सिंहाने १६६७ मध्ये लाचितला बरफुकन नेमले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इटाखुली व गुवाहाटी परत घेतली गेली. औरंगजेबाने राजा रामसिंहाला धाडले. मिर्झाराजे जयसिंगांचा हा मुलगा मराठी वाचकाला आग्र्याच्या प्रसंगातून परिचित आहे. शिवाजी महाराज १६६६ मध्ये निसटले ते त्याच्याच निगराणीतून, आणि त्यामुळे आलेली बादशाही नाराजी तो आसामात बरोबर घेऊन आला. १६६९ मध्ये आलाबैच्या मैदानात आहोमांचे १०,००० लोक पडले. मार्च १६७१ मध्ये सराईघाटच्या जलयुद्धात आजारी लाचित नावेत बसून उतरला, मोगल आरमार मागे रेटले गेले, आणि सुमारे वर्षभराने, १६७२ मध्ये, त्याचा मृत्यू झाला.

बुरंजी हा प्रकार मराठी बखरीच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. दोन्ही दरबाराच्या गरजेतून वाढले, दोन्हींनी आपापल्या भाषेच्या प्राचीन गद्याला बाळसे दिले. पण बखरकार ज्या ठिकाणी आवेशाने उंच स्वर लावतो, त्या ठिकाणी बुरंजीकार बहुधा कारकुनी थंडपणा सोडत नाही. त्याचा खरा रस कटकींच्या, म्हणजे दूतांच्या, सवाल-जबाबांत असतो. कोण काय बोलला, त्यावर राजाने कोणाला विचारले, बुढागोहाँईने काय सल्ला दिला, हे तो सविस्तर नोंदतो. परिणामी सराईघाटची लढाई त्या गद्यात एका माणसाची राहत नाही. आतन बुढागोहाँईचा मुत्सद्दीपणा, राजाचा उतावीळपणा, दैवज्ञाने मुहूर्तासाठी अडवून धरणे, हे सारे तेथे सारख्याच पातळीवर येते. आलाबैची लढाई लाचितच्या इच्छेविरुद्ध, राजाज्ञेने झाली, हेही बुरंजीपरंपरेने झाकलेले नाही.

या सामग्रीतून नायक उभा राहिला तो विसाव्या शतकात. १९१५ हे वर्ष येथे लक्षणीय ठरते. त्या एकाच वर्षी पद्मनाथ गोहाँई बरुवा यांचे 'लाचित बरफुकन' आणि लक्ष्मीनाथ बेजबरुवा यांचे 'चक्रध्वज सिंह' अशी दोन नाटके आली. विषय जवळपास एकच. पण एकाने सेनापतीचे नाव शीर्षकात घेतले, दुसऱ्याने राजाचे. बेजबरुवांनी शिवाय प्रियराम आणि गजपुरिया ही जोडी घातली, तिच्यावर शेक्सपिअरच्या राजपुत्र हॅल व फॉल्स्टाफ यांची उघड छाया आहे. वीरकथेच्या कुशीत हा विनोद ठेवण्याची निवड बोलकी आहे. पुढच्या काळाने मात्र गोहाँई बरुवांचे शीर्षक उचलले. १९४७ मध्ये सूर्यकुमार भूयाँ यांचा लाचितवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि स्वतः बुरंज्यांचा साक्षेपी संपादक असलेल्या या अभ्यासकाच्या हातून नायकचरित्राला दस्तऐवजांचा भक्कम आधार मिळाला. ग्रंथाचे हे श्रेय मोठे आहे. पण चरित्र हा प्रकार स्वीकारताच बुरंजीतील अनेकमुखी संवाद एका व्यक्तीभोवती फिरू लागतो, याला संपादकाची शिस्तही अडवू शकत नाही.

लोकस्मृतीने या सगळ्यातून सर्वांत घट्ट धरून ठेवली ती मामाची कथा. गुवाहाटीच्या रक्षणासाठी एका रात्रीत मातीची तटबंदी उभी करायची होती. देखरेखीवरील मामाने हयगय केली. देशापेक्षा मामा थोर नाही, असे म्हणत लाचितने त्याचा शिरच्छेद केला. 'मोमाइ-कटा गड' हे नाव त्या तटाला आजही चिकटलेले आहे. या कथेचे वाचन नेहमी त्यागाची कथा म्हणून होते, आणि त्या वाचनात तिच्यातील दोन गोष्टी हरवतात. एक, मामाला नाव नाही. तो केवळ नाते आहे. तोडले जाण्यासाठीच तो कथेत येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: रात्रभर माती वाहणारी माणसे कथेत अजिबात दिसत नाहीत. ती पाइक होती. चार (पुढे तीन) पाइकांचा एक गट, त्यातील एक जण पाळीने राजाच्या कामावर, युद्धकाळात दुसरा, प्रसंगी तिसराही, अशी ती सक्तीच्या सेवेची व्यवस्था. तिची नीट घडी बसवली ती लाचितचा बाप मोमाइ तामुली बरबरुवा यानेच. म्हणजे मुलाने ज्या कामातल्या कुचराईबद्दल मामाला मारले, त्या कामाचे यंत्र बापाने रचलेले होते. ('मोमाइ' म्हणजे मामाच, हा योगायोग कथाकारांच्या नजरेतून कसा सुटला याचे आश्चर्य वाटते.) कथा आप्त आणि देश यांच्यात निवड करायला लावते. राज्यसत्ता आणि पाइक यांच्यातला ताण ती या निवडीखाली दडपते.

गंमत अशी, की हा दडपलेला समूह बाहेर येतो तो शत्रूच्या तोंडून. पराभवानंतर रामसिंहाने केलेली म्हणून जी प्रशंसा परंपरेने जपली, तिच्यात सेनापतीच्या गौरवाबरोबर असा आशय आहे, की येथील प्रत्येक शिपाई होडी वल्हवतो, बाण मारतो, खंदक खणतो आणि तोफ-बंदूकही चालवतो. शत्रूकरवी स्तुती हा वीरकथेतला जुना संकेत, बखरींतही तो सापडतो. पण येथे स्तुतीचा तपशील पाइकांच्या रोजच्या कामांची यादी होऊन बसतो, आणि संकेत आपल्या हेतूपलीकडे जाऊन बोलतो.

बुरंजीपरंपरेतील बाणाला बांधलेल्या पत्राचा प्रसंगही नायककथेने सौम्य करून घेतला आहे. लाचितने गुवाहाटी सोडण्यासाठी एक लाख घेतले, असे सुचवणारे पत्र रामसिंहाने आहोम छावणीत पोचवले. राजा डळमळला, बुढागोहाँईने त्याला सावरले. नायकचरित्रात हा शत्रूचा कावा ठरतो आणि प्रकरण मिटते. परंतु राजाला संशय आला, कारण असे घडणे त्या व्यवस्थेत शक्य होते. आणि ते घडलेही. लाचितचा भाऊ लालुकसोला पुढे त्याच हुद्द्यावर आला आणि १६७९ मध्ये त्याने गुवाहाटी मोगलांच्या हवाली केली. ती कायमची परत आली ती १६८२ च्या इटाखुलीच्या लढाईने. सराईघाट हा शेवट नव्हता. नायककथेच्या सोयीसाठी तो शेवट करण्यात आला.

लालुक असमिया साहित्यात अनुल्लेखित आहे असे नाही. तो जयमतीच्या कथाचक्रात जाऊन बसला, लरा राजाला गादीवर बसवणारा कारस्थानी म्हणून. बेजबरुवांच्या १९१५ च्याच 'जयमती कुँवरी' या नाटकाचा आधार घेऊन ज्योतिप्रसाद आगरवाला यांनी १९३५ मध्ये पहिला असमिया बोलपट काढला. एका घरातले दोन भाऊ असे दोन वेगळ्या कथांत वाटले गेले: एकीत देशरक्षण, दुसरीत द्रोह. दोघांना एका संहितेत आणणारे लेखन झाले असते, तर बरफुकनपदाची शोकात्मिका लिहिली गेली असती. १९९९ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला दिले जाणारे लाचितच्या नावाचे पदक असो, किंवा धुळे जिल्ह्यात जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी घडवलेला, जोरहाटजवळ २०२४ मध्ये अनावरण झालेला चौथऱ्यासह १२५ फुटी पुतळा असो, ही स्मारके एका भावाचीच असणार. त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा नाही. साहित्याची गोष्ट निराळी.

त्या न लिहिलेल्या संहितेचा एक दुवा परंपरेत आयता उपलब्ध आहे. तहात दिली गेलेली रमणी गाभरू ही लाचित-लालुकच्या बहिणीची, पाखरी गाभरूची, मुलगी. औरंगजेबाचा मुलगा आझम याच्याशी तिचे लग्न झाले. लालुक गुवाहाटी ज्याच्या हाती देऊ पाहत होता, तो तिचाच नवरा. आणि परंपरा सांगते, की तिने मामाला पत्र पाठवून हा विचार सोडण्यास सांगितले. येथे मामाला नाव आहे, आणि त्याला बजावणारी भाची शत्रूच्या जनानखान्यात आहे. तिच्या हाती तलवार नव्हती. मामाने ऐकले नाही.