एकाच तारेवरील वाणी आणि आज्ञा

यंत्रांच्या संकेतपद्धतींना ‘भाषा’ म्हणण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, त्यावर आक्षेप घेणाऱ्यासच आपली बाजू मांडावी लागते. हा शब्दप्रयोग केवळ सैल असता तर सोडून देता आला असता. परंतु जेथे यांत्रिक संकेत आणि मानवी वाणी एकाच वाहिनीतून जातात, तेथे तो वस्तुस्थितीच झाकतो. दुतर्फा रेडिओ-संभाषणात दूरच्या प्रक्षेपकावर नियंत्रण ठेवण्याची, अमेरिकेत रूढ झालेली स्वरसंकेतांची पद्धती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

पोलीस किंवा अग्निशामक दलाचा नियंत्रणकक्ष शहरात असतो. प्रक्षेपक मात्र टेकडीवर नाही तर उंच इमारतीच्या माथ्यावर. मराठीत ज्याला ‘बिनतारी’ म्हणतात, त्या व्यवहाराचा पहिला टप्पा असा पुष्कळदा तारेवरूनच पार पडत आला आहे! पूर्वी तारेतून काही मिलिअँपिअर एकदिश प्रवाह सोडून प्रक्षेपक चालू करीत. त्यासाठी दोन टोकांमध्ये धातूची अखंड जोड लागे. दूरध्वनीच्या मार्गात वाहक-यंत्रणा आल्या, त्यांतून एकदिश प्रवाह पलीकडे जाईना, तेव्हा आज्ञेलाही श्राव्य रूप घ्यावे लागले. बोलण्याचे बटण दाबताच प्रथम २१७५ हर्ट्झचा मोठा स्वर सुमारे १२० मिलिसेकंद निघतो. त्यामागून ४० मिलिसेकंदांचा दुसरा स्वर येतो व तो कार्य सांगतो. १९५० हर्ट्झ म्हणजे पहिल्या वाहिनीवर प्रक्षेपण, १८५० म्हणजे दुसरीवर. पुढे बटण सुटेपर्यंत २१७५ चाच स्वर, मूळच्यापेक्षा ३० डेसिबेलने खाली आणून, बोलण्याच्या तळाशी चालू ठेवला जातो. तो थांबला की प्रक्षेपक बंद.

चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मांडलेली भाषेची लक्षणे येथे लावून पाहता, संकेताची यादृच्छिकता आणि सुटेपणा ही दोन निःसंशय आढळतात. परंतु द्विस्तरीय रचना आढळत नाही: प्रत्येक कार्यस्वर ही स्वयंपूर्ण आज्ञा असते, तिचे घटक पाडता येत नाहीत. आरंभीच्या स्वराला तर स्वतंत्र अर्थच नाही; पुढे येणारे बोलणे नसून आज्ञा आहे, एवढेच तो जाहीर करतो. १९६३ पासून दूरध्वनीवर आलेली व पुढे रेडिओद्वारा दूरची उपकरणे चालविण्यासही वापरली गेलेली जोडस्वरांची पद्धती अधिक मोहात पाडणारी आहे. तीत आठ स्वरांचे दोन गट असून प्रत्येक गटातील एकेक स्वर एकाच वेळी वाजतो व सोळा चिन्हे सिद्ध होतात. याकोबसन, फान्त व हाले यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या भेदक लक्षणांची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. निरर्थक घटकांच्या संयोगातून सार्थ चिन्ह होते, एवढे मान्य करावे. पण चिन्हांपासून वाक्य घडविण्याची सोय त्या पद्धतीत स्वतःची अशी नाही.

तथापि ‘भाषा नव्हे’ एवढा निर्णय देऊन थांबणे पुरेसे नाही. एकाच तारेवर राहिल्यामुळे हा संकेत वाणीकडून काही किंमत वसूल करतो आणि भाषाभ्यासकाचे खरे काम तेथे आहे. तळाशी वाजणारा २१७५ चा स्वर श्रोत्यास ऐकू येऊ नये म्हणून प्रक्षेपणापूर्वी गाळला जातो. त्याबरोबर वाणीचाही तेवढा पट्टा जातो. पीटरसन व बार्नी यांच्या १९५२ च्या मोजमापात इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांच्या दीर्घ ‘ई’चा दुसरा फॉर्मंट सरासरी २२९० हर्ट्झ आहे. म्हणजे कात्री अग्रस्वरांच्या अगदी जवळ चालते. पट्टा अरुंद असल्याने आकलन सहसा बिघडत नाही, हे खरे.

कालाची हानी अधिक गंभीर आहे. दोन्ही स्वर मिळून सुमारे १६० मिलिसेकंद जातात व तोवर ध्वनिग्राहक मुका असतो. बटण दाबता दाबताच बोलणाऱ्याचे साधारण एक अक्षर त्यात हरवते. वाक्याच्या शेवटी घाईने बटण सोडल्यास ‘पुढे जाऊ नका’ यातील ‘नका’ तुटेल. पण उरलेले ‘जाऊ’ हे आज्ञार्थी रूप नव्हे, काही राहिले आहे असा संशय ते ऐकणाऱ्यास देते. मराठीने निषेध क्रियापदाच्या मागे ठेवला खरा, परंतु क्रियापदाच्या रूपातच त्याची पूर्वसूचनाही ठेवली. आरंभीच्या ‘अ’ला असे संरक्षण नाही. ‘पूल कसा आहे?’ या प्रश्नाला ‘असुरक्षित’ असे एकशब्दी उत्तर दिले आणि पहिले अक्षर तारेवर हरवले, तर पलीकडे ‘सुरक्षित’ हा पूर्ण, शुद्ध व निःशंक शब्द पोचतो. बटण दाबून क्षणभर थांबावे ही शिकवण आहेच. पण घाईच्या प्रसंगी ती पाळली जाईल हे गृहीत धरता येत नाही. मराठी संदेशांचे नमुने तयार करणाऱ्यांनी येथे ‘पूल धोक्याचा आहे’ असे लिहावे. ‘पू’ गेला तरी धोका उरतो.