संज्ञापनविद्या : 'सम्' या उपसर्गाचा विसर

ज्ञानशाखेचे नाव तिच्या दृष्टीची साक्ष देत असते. दिल्लीस १९६५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या हिंदी नावात 'जनसंचार' हा शब्द आहे. मराठी विद्यापीठांत 'संज्ञापन' रूढ झाला. 'संचार' म्हणजे गती. 'संज्ञापन' या शब्दात 'ज्ञा' धातूचे प्रयोजक रूप असून 'सम्' हा उपसर्ग जाणविणारा व जाणणारा यांना एकत्र आणतो. आपल्याकडे या विद्येचा विस्तार झाला तो मात्र या उपसर्गाचा विसर पडूनच, असे म्हणावे लागते.

विद्यापीठांत ही विद्या प्रथम वृत्तपत्रव्यवसायाच्या शिक्षणातून आली; लाहोरच्या पंजाब विद्यापीठातील विभाग १९४१ सालचा. पुढे तिला विकासाच्या प्रश्नाची जोड मिळाली. या दुसऱ्या प्रवाहाचा आरंभ आशादायक होता. १९५६ साली पुणे आकाशवाणीने मराठी भाषक पाच जिल्ह्यांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. येथे श्रोता हा बोलणाराही होता.

१९७५-७६ च्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेडी आली. भाषा मात्र चारच. बिहार, राजस्थान व मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांस एकच हिंदी पुरेशी मानली गेली. मैथिली किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या घरात त्या हिंदीचे काय होते, हा प्रश्न गौण ठरला. संदेश पोहोचला की नाही हे मोजले गेले. तो कोणत्या बोलीत समजला गेला, हे क्वचितच विचारले गेले.

एव्हरेट रॉजर्स यांनी विकाससंज्ञापनाच्या जुन्या साच्याची चिकित्सा १९७६ साली स्वतःच केली. त्यानंतर भारतीय अभ्यासकांनी भट्टनायकाच्या साधारणीकरणाचा आधार घेतला. हा प्रयत्न स्वागतार्ह खरा. परंतु साधारणीकरण सहृदय गृहीत धरते, आणि सहृदय हा संस्कारित रसिक होय. जेथे भाषा, जात व शिक्षण यांनी श्रोते विभागलेले आहेत तेथे सहृदयता गृहीत धरता येत नाही. ती कशी घडते किंवा का घडत नाही, हाच संशोधनाचा विषय व्हावयास हवा.

माध्यमे बदलली तरी हा प्रश्न बदललेला नाही. म्हणून संज्ञापनाच्या विद्यार्थ्याने बोलींचे सर्वेक्षण, भाषांतर व द्विभाषिकता यांचा अभ्यास पूरक म्हणून नव्हे, तर पायाभूत म्हणून करावा. त्यावाचून ही विद्या नावाने राष्ट्रीय राहील. पण राष्ट्रातील भाषकांची होणार नाही.