‘व्हिपलॅश’मध्ये ऐकतं कोण?

पीएचडीला नाव नोंदवलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणी ना कुणी सीनियर ‘व्हिपलॅश’ बघायला सांगतोच. डेमियन शझेलचा 2014 चा सिनेमा. जे. के. सिमन्सला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर, शिवाय संकलन आणि ध्वनिमिश्रणाचीही. सांगणाऱ्याचा सूर साधारण असा असतो की बघ, मोठं काम करायचं तर स्वतःला असं पिळून घ्यावं लागतं, आणि गाईड ओरडला तर समज, तो तुला घडवतोय. सिनेमा म्हणून मला तो आवडतो, तीनदा पाहिलाय. पण माणूस वाजवायला कसा शिकतो हे दाखवण्यात तो फार कच्चा आहे. कुठे कच्चा आहे हेही नेमकं सांगता येतं, कारण या विषयावर भरपूर रिसर्च झालेला आहे.

गोष्ट थोडक्यात. अँड्र्यू नीमन हा न्यूयॉर्कमधल्या एका (काल्पनिक) संगीतशाळेत ड्रम्स शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. टेरेन्स फ्लेचर हा तिथल्या जाझ बँडचा प्रमुख. तो शिव्या देतो, खुर्ची फेकतो, थोबाडीत मारतो. अँड्र्यू हाताला फोड येऊन रक्त येईपर्यंत वाजवतो, गादी उचलून थेट रियाजाच्या खोलीत आणतो, मैत्रिणीला सोडतो. शेवटी तो अफाट वाजवतो.

आता रियाजाचे प्रसंग नीट बघा. अँड्र्यू वेग वाढवायचा प्रयत्न करतो, जमत नाही, चिडतो, ड्रमवर बुक्की मारतो, हात बर्फाच्या पाण्यात बुडवतो आणि पुन्हा तेच करतो. अवघड जागा सुटी काढून हळू लयीत घोटणं, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं, स्टिकची पकड बदलून बघणं, असलं काही नाही. आपल्याकडचा तबल्याचा विद्यार्थीसुद्धा आधी ठाय लयीत बोल साफ करतो, मग दुगुणीला जातो. इथे थेट चौगुण आणि रक्त! बरं, ज्या रचनेवरून सिनेमाचं नाव आलंय ती हँक लेव्हीची ‘व्हिपलॅश’ सातच्या हिशेबात चालते (रूपक वाजवणाऱ्यांना हे अंग ओळखीचं वाटेल). त्यात खरी अडचण वेगाची नाही, सम कुठे आहे हे अंगात मुरण्याची आहे. ती अडचण सिनेमात कुठेच दिसत नाही, कारण ती कॅमेऱ्याला दिसणारी नाही. रक्त दिसतं.

रियाजावरचा सगळ्यात प्रसिद्ध अभ्यास 1993 चा, अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा. पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी तीन गटांत घेतले होते: सर्वोत्तम, चांगले, आणि पुढे संगीतशिक्षक होणार असलेले. प्रत्येक गटात दहा जण. अठराव्या वर्षापर्यंतचे एकूण तास सरासरी 7410, 5301 आणि 3420. यातूनच पुढे माल्कम ग्लॅडवेलने ‘दहा हजार तास’ लोकप्रिय केले. पण त्याच पेपरात रोजच्या डायऱ्यांचा जो भाग आहे तो फार कमी जण वाचतात. वरच्या दोन्ही गटांतली मुलं एकट्याने आठवड्याला सरासरी 24.3 तास रियाज करत होती, म्हणजे दिवसाला साधारण साडेतीन तास. तोही तुकड्यांत, मध्ये विश्रांती घेऊन. आणि ती तिसऱ्या गटातल्या मुलांपेक्षा जास्त झोपत होती, दुपारची डुलकीसुद्धा काढत होती. कारण असा रियाज दमवणारा असतो, लक्ष टिकतं तेवढाच वेळ तो होतो. गादी रियाजाच्या खोलीत आणणारा अँड्र्यू या डेटात कुठेच बसत नाही.

हा अभ्यासही शेवटचा शब्द नव्हे. 2019 मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी तो पुन्हा करून पाहिला. सर्वोत्तम आणि चांगले या दोन गटांत तासांचा फरक सापडला नाही, आणि वादनाच्या दर्जातल्या फरकाचा जो हिस्सा रियाजाने समजावून देता येतो तो 48 टक्क्यांवरून 26 वर आला. (मेथडॉलॉजीचा पेपर असणाऱ्यांनी हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. आठवणीवरून सांगितलेले तास म्हणजे कसला डेटा, हा प्रश्न एकट्यानेच एक सेमिनार खाईल.) थोडक्यात, तास लागतातच, पण तासांनी सगळं ठरत नाही.

सगळा सिनेमा ज्या खुंटीला टांगलाय ती म्हणजे चार्ली पार्करची गोष्ट. फ्लेचर सांगतो की जो जोन्सने पोरसवदा पार्करचं डोकं उडेल अशा बेताने सिंबल फेकून मारली. पार्कर रडत घरी गेला, वर्षभर घासला आणि ‘बर्ड’ होऊन परतला. कॅन्सस सिटीतल्या रेनो क्लबमधला हा 1936 च्या सुमाराचा प्रसंग जीन रेमी या बासवादकाने पुढे सांगितलेला आहे. त्यात जोन्स सिंबल पायापाशी, जमिनीवर टाकतो. थांबवण्याची खूण म्हणून. अपमान होताच, पण जीव घेणारा नव्हता. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्यानंतर काय झालं. 1937 च्या उन्हाळ्यात पार्कर एका बँडबरोबर ओझार्क डोंगराळ भागात नोकरीला गेला आणि तिथे लेस्टर यंगचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून ऐकून उतरवत बसला. म्हणजे नोकरी होती, रोज सोबत वाजवणारी माणसं होती, आणि ऐकायला एक उत्तम नमुना होता. फ्लेचरच्या गोष्टीत हे तिन्ही गाळलंय, फक्त सिंबल उरलीय, तीही उंच उचललेली.

शिवाय पार्कर हा एक माणूस झाला. सिंबल पडल्यावर ज्यांनी वाद्यच सोडलं त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, त्यामुळे उरलेल्यांकडे बघून सिंबल फेकणं उपयोगी असल्याचा निष्कर्ष काढणं सोपं जातं. गंमत म्हणजे सिनेमाकडे स्वतःचा उलटा पुरावा आहे. फ्लेचरचा जुना विद्यार्थी शॉन केसी. त्याने आत्महत्या केलेली असते आणि फ्लेचर बँडपुढे ती मोटार अपघात म्हणून सांगतो. हा धागा शझेलने घातला, हे त्याचं श्रेय. पण शेवटच्या दहा मिनिटांच्या दणक्यात प्रेक्षक तो विसरतो, आणि मला वाटतं दिग्दर्शकही विसरतो. सिनेमा बघायला सांगणारे सीनियर या पात्राचं नाव घेत नाहीत. गाईडच्या जाचाने प्रबंध अर्ध्यात सोडून गेलेल्यांचं नावही विभागात सहसा कुणी घेत नाही.

आता माझी मुख्य तक्रार. ही गोष्ट बँडची आहे आणि बँड कुठेय? सतरा-अठरा वादक आहेत, पण आपल्याला दिसतात त्या खाली घातलेल्या माना. अँड्र्यूला मुख्य जागा मिळते ती टॅनरची नोटेशनची फाइल हरवते म्हणून. (अँड्र्यूचा आदर्श बडी रिच, ज्याला नोटेशन वाचताच येत नसे!) तीन ड्रमर्सना फ्लेचर मध्यरात्र उलटेपर्यंत एकच वेग मागत राहतो आणि बाकीचा बँड तोवर बाहेर ताटकळतो. तो प्रसिद्ध प्रसंगही आठवा, ज्यात फ्लेचर विचारतो, तू पुढे पळतोयस की मागे रेंगाळतोयस? उत्तर काहीही दिलं तरी थप्पड. किती पुढे, कुठल्या मात्रेला, कुणाच्या तुलनेत, काही नाही. यात शिकण्यासारखी माहिती शून्य आहे.

लय धरणं खरंच कसं घडतं? मेट्रोनोमसोबत टिचक्या मारायला सांगितल्या तर बहुतेकांची टिचकी ठोक्याच्या किंचित आधी पडते. चूक झाली की माणूस पुढच्या टिचकीला तिचा काही भागच भरून काढतो. हे बरंच असतं, कारण चुकीतला काही हिस्सा निव्वळ हाताच्या हालचालीतला गोंगाट असतो. तो सगळा भरून काढायला गेलं तर लय आणखी डळमळते. एकत्र वाजवताना हेच प्रत्येकजण इतरांच्या बाबतीत करतो. अ‍ॅलन विंग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये, म्हणजे सिनेमाच्याच वर्षी, दोन स्ट्रिंग क्वार्टेट मोजले. एकात चौघेही एकमेकांकडे जवळपास सारखे झुकत होते. दुसऱ्यात पहिलं व्हायोलिन कमी झुकत होतं, बाकीचे त्याच्याकडे जास्त. दोन्ही एकत्र वाजत होते. जेफ पोर्कारोसारख्या पट्टीच्या ड्रमरच्या एका ट्रॅकवर 2015 मध्ये काम झालं, त्यातही हाय-हॅटचे ठोके घड्याळी नाहीत; त्यांच्या चढउतारांत दूरवर पोचणारे परस्परसंबंध सापडतात. म्हणजे फ्लेचर ज्याला ‘माझा टेम्पो’ म्हणतो तसा एकाच्या डोक्यातला टेम्पो बँडमध्ये फारसा चालत नाही. तो मधल्या जागेत सतत ठरत असतो.

आणि तरी एक जागा आहे. शेवटी फ्लेचर अँड्र्यूला फसवतो, त्याच्याकडे नोटेशनच नसलेली रचना सुरू करतो. अँड्र्यू स्टेज सोडतो, परत येतो, बासवादकाला खूण करून स्वतःच ‘कॅरॅव्हॅन’ सुरू करतो आणि बँड त्याच्यामागे येतो. फ्लेचर आधी चवताळतो. मग सोलोच्या मध्ये एक सिंबल कलते आणि फ्लेचर ती सरळ करून देतो. लय खाली उतरते, अगदी थांबल्यासारखी होते. फ्लेचर हाताने ती अलगद वर आणतो, अँड्र्यू त्याच्याकडे बघत वेग वाढवतो. अख्ख्या सिनेमात पहिल्यांदाच दोघं एकमेकांचं ऐकून वाजवतायत. त्यात एकही शिवी नाही, आणि अँड्र्यूचं सगळ्यात चांगलं वादन इथेच आहे. पुढच्या वेळी बघाल तेव्हा ती दोन मिनिटं आवाज वाढवून ऐका. त्यानंतर बँडचा एक शेवटचा दणका होतो आणि शझेल पडदा काळा करतो.