पैठणचा व्यापार आणि व्यापारनीतीचे अध्ययन : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठवाड्यातील महाविद्यालयीन संशोधनात पैठणच्या व्यापाराचा उल्लेख वारंवार येतो. तथापि या लेखनाचा भर वैभवाच्या वर्णनावर असतो. व्यापाराला वळण देणारी धोरणे कोणी ठरविली व त्यांचा भार कोणावर पडला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्राचीन साधनाचे अपुरे वाचन

इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण व तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या अंतरावर तगर, म्हणजे आजचे तेर, असल्याची नोंद आहे. पैठणहून मौल्यवान गोमेदवर्गीय दगड व तगरहून कापड गाड्यांतून भडोचला जात असे. हा तपशील आपले अभ्यासक आवर्जून उद्धृत करतात. त्याला लागूनच आलेली नोंद मात्र दुर्लक्षित राहते. पूर्वी कल्याण हे अधिकृत बंदर होते. परंतु सत्तापालटानंतर तेथील व्यापारात अडथळे आले आणि तिकडे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे ग्रंथकार सांगतो. नाणेघाटमार्गे पैठणला जवळ पडणारे बंदर असताना माल दूरच्या, बिकट वाटेने का जात होता, याचा एक महत्त्वाचा धागा येथे मिळतो. हा व्यापारनीतीचाच प्रश्न होय. अर्थशास्त्र व इतिहास हे विषय स्वतंत्र कप्प्यांत शिकविले गेल्यामुळे तो आपल्या वर्गात उपस्थितच होत नाही.

पैठणी : मानांकनापलीकडे

हीच उणीव पैठणीविषयक लेखनात आढळते. 1999 चा भौगोलिक निर्देशन कायदा 2003 मध्ये अमलात आला व 2010 मध्ये पैठणीला मानांकन मिळाले. यास यश मानून बहुतेक विवेचन तेथेच थांबते. वास्तविक, जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात कलम 23 अन्वये मिळणारे अधिक कडक संरक्षण केवळ वाईन व मद्यार्कयुक्त पेयांना आहे. हातमागाच्या वस्त्राला कलम 22 चे सामान्य संरक्षण मिळते. ही विषमता दूर करावी, अशी भूमिका भारताने दोहा फेरीत मांडली होती. देशांतर्गत कायद्यानुसारही विणकराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. पैठणमधील किती मागधारकांनी ती केली आणि नोंदणीनंतर त्यांच्या मजुरीत काही फरक पडला काय, हे तपासल्याखेरीज मानांकनाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

आयात शुल्क आणि परस्परविरोधी हितसंबंध

कच्च्या रेशमावरील मूळ आयात शुल्क 2011-12 च्या अर्थसंकल्पात 30 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणले गेले. 2013-14 मध्ये ते 15 टक्के झाले. मधल्या काळात ते पुन्हा घटले व 2021-22 मध्ये 10 टक्क्यांवरून परत 15 टक्के करण्यात आले. शुल्क घटल्यास विणकराला सूत स्वस्त मिळण्याची शक्यता असते. मात्र बीड व जालना जिल्ह्यांत तुती लावून कोष घेणाऱ्या शेतकऱ्याच्या भावावर दडपण येते. दोघेही मराठवाड्याचेच आहेत. त्यामुळे ‘प्रदेशाचे हित’ असा एकवचनी शब्दप्रयोग करून चालत नाही. शुल्कबदलाचा लाभ प्रत्यक्ष मागापर्यंत पोहोचतो की सूत व्यापाऱ्यापाशीच थांबतो, हे स्थानिक खरेदीपावत्या व कोषबाजारातील भाव यांच्या आधारे जिल्ह्यातील महाविद्यालयच तपासू शकते.

प्रशिक्षणाचे केंद्रीकरण

दिल्ली येथे 1963 मध्ये भारतीय विदेश व्यापार संस्था व तिच्या अंतर्गत 1999 मध्ये जागतिक व्यापार संघटना अध्ययन केंद्र स्थापन झाले. आशिया-पॅसिफिक विभागातील विकसनशील देशांची संशोधनक्षमता वाढावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या प्रादेशिक आयोगाने 2004 मध्ये ‘आर्टनेट’ हे जाळे उभारले. या संस्थांचे कार्य मोलाचे आहे. परंतु राष्ट्रीय आकडेवारीवर आधारलेल्या प्रतिमानांत पैठणचा माग दिसत नाही. दुसरीकडे, पैठण तालुक्यातील बिडकीन येथे औद्योगिक नगरी आकार घेत आहे. तिचा निर्यातीशी येणारा संबंध समजून घेणारे पदवीधर येथेच घडले नाहीत, तर धोरणाची भाषा बाहेरचे लोक बोलतील व आपण केवळ उद्घाटनांचे वृत्तांत लिहू.

समारोप

यासाठी नव्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. सीमाशुल्क सूचीतील रेशमाचे प्रकरण 50 वाचणे, अर्थसंकल्पातील शुल्कबदल नोंदविणे आणि विणकर व कोष उत्पादक यांच्या दरांची वर्षभर नोंद ठेवणे, हा पदव्युत्तर वर्गाचा प्रकल्प होऊ शकतो. अर्थशास्त्र, वाणिज्य व इतिहास विभागांनी तो एकत्रितपणे हाती घ्यावा. अशा नोंदी पाच वर्षे सातत्याने ठेवल्या गेल्यास पुढील शुल्कबदलाच्या वेळी शासनापुढे मांडण्यासाठी पैठणकडे स्वतःचा पुरावा असेल.