कृष्णविवर आणि मुलांचीं पुस्तकें

मराठींत मुलांसाठीं लिहिलेल्या खगोलविषयक पुस्तकांत कृष्णविवराचें प्रकरण हटकून असतें, आणि बहुधा तेंच सर्वांत कच्चें असतें. गेल्या सुटींत आम्ही ताडकळसला असतां तेथील एका दहा वर्षांच्या मुलानें असलेंच एक प्रकरण वाचून आम्हांस विचारलें, "ज्यांतून उजेडसुद्धां सुटत नाहीं, तें काळ्या आभाळांत सांपडलें कसें?" आम्हीं पुस्तक पुन्हा चाळलें. त्यांत सर्वभक्षक राक्षस होता, भोंवरा होता, तळ नसलेली विहीर होती. या प्रश्नाचें उत्तर मात्र नव्हतें.

वास्तविक खरी हकीकत राक्षसाहून अधिक रंजक आहे. कृष्णविवर दिसत नाहीं. शेजाऱ्याच्या वागणुकीवरून तें ओळखावें लागतें. रात्रीं फुगडी घालणाऱ्या दोघींपैकीं एकीच्याच कपाळीं दिवा बांधला, तर दुसरी न दिसतांही दिव्याच्या घिरट्यांवरून तिचें असणें, किंबहुना तिचें वजनही, ताडतां येतें. शेजारच्या ताऱ्यावरून ओढला जाणारा वायु विवरांत पडण्यापूर्वीं गरगर फिरून इतका तापतो, कीं त्यांतून क्ष-किरण निघतात. मोडलेल्या हाडाचें चित्र काढण्यास डॉक्टर वापरतात तेच. परंतु आकाशांतून येणारे हे किरण आपलें वातावरण अडवितें. म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागली. १२ डिसेंबर १९७० रोजीं केनियाच्या किनाऱ्याजवळून सुटलेल्या 'उहुरू' उपग्रहानें हंस तारकासमूहांतील 'हंस क्ष-१' या उगमाचे किरण सेकंदाहूनही कमी अवधींत कमीजास्त होतांना टिपले. इतक्या झटपट लुकलुकणारी वस्तु आकारानें लहानच असली पाहिजे. पुढें जमिनीवरील दुर्बिणींनीं जोडीदार ताऱ्याची ५.६ दिवसांची फेरी मोजली, आणि अदृश्य गड्याचें वजन निघालें. आजच्या मापानें तें सुमारें २१ सूर्यांइतकें भरतें.

राक्षसाच्या उपमेनें आणखीही एक हानि होते. सूर्याच्या जागीं तेवढ्याच वजनाचें कृष्णविवर ठेवलें, तर पृथ्वी गिळली जाणार नाहीं; ती गारठेल, पण पूर्ववत् फिरत राहील. हें एक वाक्य तरी त्या पुस्तकांत असावयास हवें होतें.

डॉ. जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं 'नारायण विनायक जगताप' या टोपण नांवानें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीं 'कृष्णविवर' ही कथा लिहिली. म्हणजे हा विषय मराठी वाचकाच्या ओळखीचा होऊन अर्धशतक लोटलें. कथेला अद्भुत शोभतें. तें तिच्या हक्काचें आहे. माहितीच्या पुस्तकानें मात्र केवळ त्याच भांडवलावर दुकान मांडावें, हें आम्हांस रुचत नाहीं. २०१५ सालीं भारतानें 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही स्वतःची क्ष-किरण टिपणारी वेधशाळा अवकाशांत सोडली, तिला सदर पुस्तकांत एक ओळही नाहीं.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' प्रयोगशाळेस २०२३ सालीं केंद्र सरकारनें मंजुरी दिली. ती दुर्बीण नव्हे. दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळतांना अवकाशांत उठणारे तरंग ती टिपणार आहे. हें ऐकून त्या मुलानें तेथें एस.टी. जाते का, असें विचारलें.