द्राक्षापाक कीं नारिकेलपाक?

जें सहज गोड लागतें तें उथळच असलें पाहिजे, असा एक समज टीकाकारांत फार दिवसांपासून रूढ आहे. सुबोध कवितेच्या वांट्यास जो न्याय येतो, तोच ‘मर्लो’ या फ्रेंच द्राक्षजातीच्याहि वांट्यास आला आहे. तिचें मद्य मृदु, लवकर पिण्याजोगें, आणि म्हणून सामान्य, असा शेरा मारून पुष्कळ जाणते मोकळे होतात. २००४ सालच्या ‘साइडवेज’ या अमेरिकन चित्रपटाचा नायक तर मर्लोचें नांव काढतांच खवळतो. मौज ही कीं, हाच गृहस्थ १९६१ सालच्या ‘शेव्हाल ब्लां’ची एक बाटली जिवापाड जपतो, आणि त्या मद्यांत काबर्ने फ्रांच्या जोडीला मर्लोच असते! नांवाचा तिरस्कार आणि रसाची पूजा एकाच हृदयांत अशी सुखानें नांदते.

या द्राक्षाचें घर म्हणजे बोर्दो प्रांतांतील दोर्दोन्य नदीचा उजवा तीर. पोमरोल व सेंत-एमिलियों हीं गांवें तेथलींच. १७८४ सालच्या एका नोंदींत तिचें नांव आढळतें. तें ‘मेर्ल’ नांवाच्या काळ्या पक्ष्यावरून पडलें असावें असें मानतात. आधुनिक वंशशोधनानें काबर्ने फ्रां हा तिचा पिता ठरला आहे; म्हणजे भारदस्त म्हणून गाजलेली काबर्ने सोव्हिन्यों ही तिची सावत्र बहीणच होय. मर्लोची साल पातळ व फळ लवकर पिकणारें. म्हणून तिच्या मद्यांत तुरटपणा बेताचा. थंड, ओल धरणारी चिकणमाती तिला मानवते. परंतु तिचे कोंब लवकर फुटतात, आणि उशिराचें हिंव त्यांना जाळून टाकतें. १९५६ सालच्या फेब्रुवारींतील कडाक्याच्या थंडीनें तर या तीरावरील कित्येक मळे मुळासकट मारले. मृदुतेचें मोल असें द्यावें लागतें.

प्रस्तुत लेखकहि त्या शेरा मारणाऱ्यांपैकींच एक होता. एका स्नेह्याच्या घरीं १९९८ सालचें पोमरोल समोर आलें, तेव्हां तें पाव शतकाहून अधिक जुनें होतें. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली. मेणबत्तीच्या उजेडांत मद्य हलक्या हातानें ओतलें, आणि साका तळाशीं राहूं दिला. पेल्याच्या कडेस जांभळ्या रंगाऐवजीं विटकरी छटा होती. पहिला घोंट घेतला, तों कांहींच हातीं लागेना. रस वठल्यासारखा वाटला. ‘संपलें आहे,’ असा निकाल मीं मनांतल्या मनांत देऊनहि टाकला. स्नेही इतकेंच म्हणाले, “जरा थांबा.”

अर्ध्या तासानें तोच पेला पुन्हां उचलला. आतां सुक्या अंजिराचा, तंबाखूच्या पानाचा, आणि पाऊस पडून गेल्यावर रानांतल्या पाचोळ्याखालून येतो तसा ओला दरवळ येऊं लागला. आलुबुखाऱ्याची कोंवळी गोडी मागें सरली होती. जिभेवर रेशमासारखा स्पर्श तेवढा रेंगाळत होता. यांत जादू कांहीं नाहीं. तुरट द्रव्यें आणि रंगद्रव्यें वर्षानुवर्षें एकमेकांस बिलगतात, जड होतात, आणि साका होऊन खालीं बसतात. तरुणपणीं जें भांडतें, तेंच म्हातारपणीं मुकाट्यानें तळ गांठतें.

आमच्या साहित्यशास्त्रानें दोन पाक सांगितले आहेत. द्राक्षापाकांत रस आंतबाहेर उघडा असतो. नारिकेलपाकांत कवच फोडल्यावांचून तो मिळत नाहीं, आणि मल्लिनाथानें भारवीच्या वाणीस नारळाचीच उपमा दिली आहे. परंतु त्या संध्याकाळीं खुद्द द्राक्षच नारळ झालें होतें, आणि त्याचें कवच काळाचें होतें. प्रत्येक मर्लो अशी उतरते असें नव्हे. बहुतेक मद्यें तरुणपणींच प्यावीं हें बरें, आणि तीं उगाच जपून ठेवणें हीहि एक अरसिकताच होय. दोष द्राक्षाच्या मृदुतेंत नव्हता. तो माझ्या पहिल्या घोंटाच्या घाईंत होता. ज्या कविता आपण ‘सोप्या’ म्हणून एका वाचनांत बाजूला सारल्या, त्यांच्याकडेहि अर्धा तास थांबून पुन्हां वळण्याचें धैर्य टीकाकारांस होईल काय?