धर्मनिरपेक्ष समाजातील धर्मवचनांचे राजकीय उपयोजन : ब्रिटनमधील काही भाषणांच्या संदर्भात

इंग्लंड व वेल्समधील २०११ च्या जनगणनेत ५९.३ टक्के नागरिकांनी स्वतःची नोंद ख्रिस्ती अशी केली होती. २०२१ मध्ये हे प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले, तर ३७.२ टक्के नागरिकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदविले. अशा समाजात राजकीय नेत्याच्या मुखातील बायबलचे वचन निव्वळ भाषालंकार मानावे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२१ मे १९८८ रोजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी एडिंबरो येथे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेसमोर भाषण केले. काम न करणाऱ्याने खाऊही नये, या आशयाच्या पौलाच्या वचनाचा आधार त्यांनी संपत्तिनिर्मितीच्या समर्थनार्थ घेतला. मूळ पत्रात हा उपदेश काम करण्याची इच्छाच नसलेल्यांना उद्देशून आहे. काम न मिळणाऱ्यांविषयी तेथे काहीही म्हटलेले नाही. ज्या दशकात ब्रिटनमधील बेरोजगारांची संख्या तीस लाखांवर गेली होती, त्या दशकात हा भेद गौण ठरत नाही.

लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या कथेचे उदाहरण अधिक बोलके आहे. लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूला टाळून याजक व लेवी पुढे जातात. तिरस्कृत जमातीतील शोमरोनी मात्र त्याची शुश्रूषा करतो. या शोमरोन्याजवळ सद्हेतूबरोबरच पैसाही होता, याकडे थॅचर यांनी १९८० मधील एका दूरचित्रवाणी मुलाखतीत लक्ष वेधले होते. २ डिसेंबर २०१५ रोजी मजूर पक्षाचे हिलरी बेन यांनी रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून न जाण्याची याच कथेतील प्रतिमा सीरियातील हवाई हल्ल्यांच्या समर्थनार्थ वापरली. तो ठराव ३९७ विरुद्ध २२३ मतांनी संमत झाला.

दोन्ही अन्वयार्थांना कथेत काही ना काही आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला पैसे देतो आणि टाळून जाणे कथेला निंद्यच वाटते. तथापि, तो लुटारूंचा पाठलाग करीत नाही. शस्त्राचा तर उल्लेखही नाही. ‘माझा शेजारी कोण?’ या ज्या प्रश्नातून कथा उद्भवते, तो प्रश्न दोन्ही वक्त्यांच्या उपयोजनातून गळून पडतो. परिणामी, ऐकणाऱ्याला अस्वस्थ करणारी कथा बोलणाऱ्याला निश्चिंत करू लागते.

या प्रसंगांतील श्रोत्यांचा फरकही महत्त्वाचा आहे. १९८८ च्या सभेला ग्रंथ परिचित होता. तिच्या अध्यक्षांनी थॅचर यांच्या हाती गृहनिर्माण व दारिद्र्य यांवरील चर्चचे अहवाल ठेवले. अवतरणाला तेथे उत्तर मिळाले. २०१५ मध्ये सभागृहाने बेन यांना टाळ्यांनी दाद दिली. ग्रंथ ज्ञात असतो तेथे वचनातून वाद सुरू होऊ शकतो. केवळ वाक्प्रचार उरतो तेथे तेच वचन वाद मिटविण्याचे साधन बनते.

सारांश, उपासना ओसरल्याने धर्मवचनाची राजकीय शक्ती ओसरत नाही. तिची तपासणी करणारे वाचक तेवढे कमी होतात. म्हणूनच धर्मग्रंथांचे श्रद्धानिरपेक्ष, संदर्भासहित वाचन हा मानव्यविद्यांच्या अध्यापनाचा आवश्यक भाग ठरतो. श्रद्धा ही व्यक्तीची खाजगी बाब असू शकते. परंतु सत्तेने उच्चारलेल्या वचनाचा अर्थ तपासणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे.